चौथा उद्गार

नगरच्या आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारची उपासना दुपारी बारा ते तीन चालते. क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली असते आणि ती कुणीच पाळत नाही. क्षमेवर, पश्चात्तापी चोरावर बोलायला वक्ते चटकन मिळतात. चौथा उद्गार मात्र या दारातून त्या दारात फिरत राहतो. देवाने आपल्याला टाकलं, असा येशूचा आक्रोश आहे तो. 2022 साली पाळकसाहेबांनी तो माझ्या गळ्यात घातला.

आदल्या वर्षी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ गेला होता. दफनाला मोजकी माणसं. पेटी नाही, गीत नाही. पुढे कितीतरी दिवस जो तो फोनवर ‘देवाची योजना’ म्हणायचा आणि माझं डोकं फिरायचं. भावाच्या शाळकरी पोराला समजावून सांगा म्हणावं ही योजना!

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून लोकांना वाटतं, माझी अडचण विज्ञानाची असणार. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं, हे मी वर्गात शिकवतो आणि रविवारी उपासनेलाही जातो. उत्पत्तीचा पहिला अध्याय मी पाठ्यपुस्तक म्हणून कधी वाचलाच नाही, त्यामुळे ते भांडण माझ्या वाट्याला आलं नाही. माझं भांडण ऑक्सिजन बेडपाशी सुरू झालं.

बोलायचं म्हणून चारही शुभवर्तमानं पुन्हा काढली. सातांपैकी तीन उद्गार लूकने दिलेत, तीन योहानाने. मत्तय आणि मार्क यांनी हा एकच राखला, तोही येशूच्या बोलीतल्या मूळ शब्दांसकट. प्रभूची बाजू सावरायची असती, तर त्यांनी नेमका हाच गाळला असता. बाविसाव्या स्तोत्राची ही सुरुवात. शेवटी त्या स्तोत्रात स्तुती आहे, म्हणून आमचे वक्ते धावत तिथे पोचतात. माझा पाय पहिल्याच ओळीत अडकला. माझी तक्रार शास्त्रात आधीच नोंदलेली होती, आणि ती खुद्द देवाच्या पुत्राने केलेली. मंडळी सोडून ती मी कुणापुढे मांडणार होतो? माझा एक नास्तिक मित्र फार भला माणूस आहे. भावासाठी रात्रभर इंजेक्शनं शोधत हिंडला. पण त्याच्या हिशेबात तो मृत्यू ही घडलेली गोष्ट, बस्स. मला तो अन्याय वाटतो, आणि अन्यायाचा जाब विचारायला समोर कुणीतरी लागतं.

पंडिता रमाबाईंचंही मग आठवलं. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि ज्या जोगिणींनी आसरा दिला, त्यांच्याशीच त्रैक्याच्या सिद्धांतावरून पत्रांतून वाद घातला. 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, त्यांच्या हयातीतच गेली. तरी केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम त्या रेटतच राहिल्या. अशी माणसं ज्या घरात होऊन गेली, तिथे माझी कुरकुर सहज खपते.

उपासनेनंतर एका वडील सभासदांनी बाजूला घेतलं. “सर, प्रश्न मांडलात, उत्तर कुठंय? पुनरुत्थानाचं बोलायला हवं होतं.”

म्हटलं, “काका, ते परवा बोलू. आज शुक्रवार आहे.”

त्यांना ते पटलं नाही.