आत्याच्या दारात आलेली माणसे

आम्ही राहतो ती चाळ नालासोपारा पूर्वेला, सखल भागात आहे. जुलै २०१८ मध्ये ९ आणि १० तारखेला जो पाऊस झाला तो वसई-विरारकर अजून विसरलेले नाहीत. लोकल बंद, वीज बंद आणि खोलीत गुडघाभर पाणी. पोरांना माळ्यावर बसवून आम्ही नवराबायको पलंगावर उभे होतो. आमचे विहार उंच जोत्यावर आहे, तिथे पाणी शिरले नव्हते. परंतु विहाराला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे ते मुंबईत अडकलेले. दुसरी किल्ली करून ठेवावी असे कमिटीत तीनदा बोलणे झाले होते. कमिटीचे खजिनदार आम्हीच (बी. कॉम. झालेला माणूस दिसला की हे पद त्याच्या गळ्यात पडतेच). तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला द्यावा?

तिसऱ्या दिवशी पाण्यातून वाट काढत पाच-सहा माणसे आली. डोक्यावर खिचडीचे टोप, पाण्याचे कॅन, मेणबत्त्यांचे पुडे. पश्चिमेकडच्या एका गावातील चर्चची ही मंडळी होती. वसईचे ख्रिस्ती लोक आपल्यासारखेच मराठी बोलतात, चर्चच्या हद्दीला ते 'धर्मग्राम' म्हणतात. त्यांनी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, घरात माणसे किती तेवढे विचारले. आम्ही खिचडी घेतली. भूक लागली होती.

पाणी ओसरले, तो विषय संपला असे आम्हाला वाटले. पण संपला नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहतात. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. साऱ्या गल्लीची ती आत्या. मुलगा बांधकामावर परांचीवरून पडला तेव्हापासून अंथरुणावर. आत्या चार घरची धुणीभांडी करायची, मग तिचेही गुडघे गेले. दर वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले की सगळ्यांत पुढे आत्या बसलेली असायची. त्या वर्षी ती आली नाही. आणि दर शनिवारी संध्याकाळी तिच्या दारात चर्चची दोन माणसे दिसू लागली. एक साठीचे गृहस्थ, एक बाई. हातात पिशवी आणि छोटी वही.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. आत्याला बाटवणार, पोराच्या गळ्यात क्रूस घालणार. कमिटीत विषय निघाला आणि सर्वानुमते आम्हाला सांगण्यात आले की, भाऊ, तुम्ही जाऊन बोला. आम्ही गेलो. थोड्या तावातच गेलो, हे कबूल करतो.

"आत्या, ते लोक कशाला येतात?"

आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, "येतात, बसतात. पोराशी बोलतात. मागच्या बारीला त्याची पाठ पुसली त्या काकांनी. तुम्ही लोक कधी येता भाऊ? पावती फाडायला येता."

आम्ही काय बोलणार? एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी मागायला आम्हीच तिच्या दारात उभे होतो. तिने १०१ रुपये दिले होते, आम्ही पावती फाडून दिली होती आणि आतल्या खोलीत कोण कण्हते आहे हे वाकूनही पाहिले नव्हते. त्या वर्षी ध्वनिक्षेपक आणि रोषणाई यांवर किती खर्च झाला ते आमच्याच हस्ताक्षरात वहीत आहे. आकडा इथे लिहीत नाही, प्रत्येक वस्तीने आपापली वही काढून पाहावी.

पुढच्या शनिवारी आम्ही त्या गृहस्थांना गल्लीतच गाठले. त्यांनी आधी जयभीम घातला. आम्ही सरळ विचारले, "काका, आजवर किती जणांना ख्रिस्ती केलेत?" ते हसले. म्हणाले, "अहो, आमच्याच पोरांना रविवारी मिस्सेला आणता आणता आमच्या नाकी नऊ येतात. तुम्हाला संशय असेल तर आमच्या सभेला येऊन बसा." आम्ही गेलो.

चर्चच्या मागच्या खोलीत दहा-बारा माणसे होती. निवृत्त शिक्षक, वाडीत भाजीपाला लावणारा एक शेतकरी, दोन गृहिणी, एसटीतले एक निवृत्त कंडक्टर. फादर आले, कोपऱ्यात बसले, फारसे बोलले नाहीत. कारभार सारा संसारी माणसांचा. संघटनेचे नाव संत विन्सेंट डी पॉल यांच्यावरून. त्यांच्या प्रत्येक शाखेला 'कॉन्फरन्स' म्हणतात. आधी प्रार्थना, मग मागच्या सभेचा वृत्तांत, मग प्रत्येक जोडी आपण कोणत्या घरी गेलो ते सांगते. एकटे कुणी जात नाही, दोघेच जातात. घरी जाऊन बसल्याखेरीज मदत नाही. ज्या घरी गेलो त्याचे नाव खोलीबाहेर काढायचे नाही. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ बंद करून आत हात घालतो. कुणी पाचशे टाकले, कुणी पाच टाकले, कुणी रिकामी मूठ घालून बाहेर काढली, कुणालाच कळत नाही. आम्ही हिशेबाचा माणूस. पावतीशिवाय पैसा ही गोष्ट आमच्या डोक्यात शिरेना. कंडक्टरसाहेब म्हणाले, "जमा झालेल्या पैशाचा हिशेब पैशापैशाचा असतो. फक्त देणाऱ्याचा हिशेब ठेवत नाही."

या संघटनेची जन्मकथा आम्ही तिथेच ऐकली, पुढे वाचून पडताळली. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत आपल्या धर्माचे गोडवे गात असे. तेव्हा विरोधकांनी त्याला टोचले की, तुमच्या चर्चने पूर्वी केले असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. हा टोमणा त्याला लागला. त्याने आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी गरीब वस्तीत जायला सुरुवात केली. घरी कसे जावे, कसे बसावे, हे त्यांना रोझाली रांदू या सिस्टरने शिकवले. ओझानाम १८५३ साली चाळिशीतच वारला. १९९७ साली पोपने त्याला 'धन्य' म्हणून घोषित केले. आज जगातील दीडशेच्या आसपास देशांत या शाखा आहेत.

आम्हाला त्या टोमण्याची गंमत वाटली. आम्हीही ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आपला धम्म कसा विज्ञाननिष्ठ आहे यावर तास तास बोलतो. आत्याच्या मुलाची पाठ पुसायला मात्र चर्चचे काका आले. विनयपिटकात कथा आहे: एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. सोबतचे भिक्खू फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. ही कथा आम्ही स्वतः विहारात दोनदा वाचून दाखवली होती. आत्या तेव्हा पुढेच बसलेली होती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की आम्ही चर्चचे भाट झालो. ख्रिस्ती मिशनरींनी शाळा आणि दवाखाने उभारले हे बाबासाहेबांनी मान्य केले होते. परंतु धर्मांतर केलेल्यांमधली जात तशीच राहिली आणि ते अन्यायाविरुद्ध उठत नाहीत, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. आम्हाला त्याची प्रचिती आली. ही भली माणसे चार महिने आत्याला तांदूळ-डाळ पोचवत होती, पण संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरावा हे कुणाच्या मनात आले नव्हते. तहसीलदार कचेरीत जायचे म्हटले की साधीभोळी माणसे बिचकतात. आम्ही मात्र कारकून, फॉर्म ही आमची रोजची भाकरी. २१,००० रुपयांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, गावच्या ग्रामपंचायतीतून नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असे एकेक कागद जमवले. तीन किरकोळ रजा गेल्या. आठ महिन्यांनी आत्याच्या खात्यात दरमहा ६०० रुपये येऊ लागले. पुढे २०१९ साली त्याचे १,००० झाले, २०२३ पासून १,५००. ही कुणाची दया नव्हे, तिचा हक्क आहे. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी वही काढली आणि दाखल्यांची यादी लिहून घेतली. त्यांच्या यादीतल्या आणखी सहा घरांचे फॉर्म आम्ही मिळून भरले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, एक घर अहमदनगरकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाचे होते.

त्या घरातला कर्ता माणूस आम्हाला म्हणाला, "साहेब, तुमचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच वाड्यातले असतील. १९९० साली तुमच्या लोकांना सवलती मिळाल्या. आम्ही मात्र अजून बाहेर." खरे होते ते. १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली शिखांना घेतले, १९९० साली बौद्धांना. आम्हाला नोकरी १९९० नंतरच्या दाखल्यावर लागली. आम्ही त्याला चहा पाजला. दुसरे काय करणार?

२०१९ च्या वर्षावासात आम्ही विहारात प्रस्ताव मांडला की रविवारच्या वंदनेनंतर दोघादोघांनी दोन घरी जावे आणि कापडी पिशवी फिरवावी. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले होते, त्याचीही आठवण दिली. एकाने उभे राहून विचारले, "आता चर्चची नक्कल करायची का?" आम्ही त्याला आपल्या सोपाऱ्याचीच साक्ष दिली. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा इथल्या भुईगावात १९५६ सालीच सापडला. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ अल्प. दासांशी आणि चाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, जीवांबाबत संयम, दान, हे खरे धम्ममंगल, असा त्या लेखाचा आशय आहे. बुद्धपौर्णिमेला आपण ज्या स्तूपावर मेणबत्त्या लावायला जातो, त्याच्या शेजारच्या गावात हे दगडावर कोरलेले होते. नक्कल कुणी कुणाची केली? तो गृहस्थ खाली बसला. पटले म्हणून बसला की कंटाळून, ते ठाऊक नाही.

पहिल्या रविवारी अकरा जण निघालो. दिवाळीपर्यंत चार उरलो. एकाचे म्हणणे, देणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहा म्हणजे लोक जास्त देतील. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लोक पुन्हा जमले, धान्याची पाकिटेही वाटली. पण एका कार्यकर्त्याने पाकीट घेणाऱ्या बाईचा फोटो काढून मोबाइलवर गावभर पाठवला. ती बाई त्यानंतर विहारात आलेली नाही. आम्ही तिच्या घरी दोनदा जाऊन क्षमा मागितली. तिने पाणी दिले, बोलली नाही.

सध्या हे काम महिला मंडळाच्या हातात आहे आणि आमच्यापेक्षा बरे चालले आहे. पिशवी जुन्या निळ्या साडीची शिवली आहे. मागच्या महिन्यात तिच्यात १,८४० रुपये निघाले, त्यातून एका मुलाचा चष्मा झाला आणि एका घरची औषधे. चर्चचे काका आता थकले, त्यांच्या जागी त्यांची सून येते. एखाद्या घरचा कागद अडला की ती आमच्याकडे धाडते, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर आम्ही तिला फोन करतो. विहाराच्या किल्ल्या आता तीन आहेत. एक आमच्या घरी खिळ्याला अडकवलेली असते.

आत्याचा मुलगा काठी घेऊन दारापर्यंत येतो. आत्या आमच्या पत्नीच्या जोडीला जाते. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावरची घरे तिच्याकडे दिली आहेत.