कंबर आणि तळहात

पिस्तूल दिवसभर वाहते ती कंबर आणि चालवतो तो तळहात. दोघांच्या मागण्या निराळ्या. कंबर म्हणते, हलकं असू दे. तळहात म्हणतो, जरा वजन राहू दे. गेल्या अर्धशतकातला पिस्तुलांचा प्रवास मला या दोघांच्या ओढाताणीतून घडलेला दिसतो.

आधी कौल मिळाला तो कमरेला. १९७० साली जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखने पॉलिमरच्या चौकटीचं व्हीपी७० आणलं. पण खरा पालट केला ऑस्ट्रियाच्या गास्टोन ग्लॉकने. पडद्यांच्या दांड्या आणि सैनिकांच्या सुऱ्या बनवणाऱ्या या माणसाचं पिस्तूल १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलं. रिकामं ग्लॉक १७ सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. ब्राउनिंगचं ‘१९११’ हे पोलादी पिस्तूल अकराशेच्या घरात. पट्ट्याला पिस्तूल लावून पहारा देणाऱ्याला हा फरक दिवस कलताना उमगतो. शिवाय पॉलिमरला गंज नाही, आणि गोठवणाऱ्या थंडीत त्याचा गारठा बोटांत शिरत नाही.

मग तळहात बोलू लागला. गोळी पुढे सुटते तसं पिस्तूल मागे रेटलं जातं. त्याचं वजन दुप्पट केलं, तर मागे येण्याचा वेग निम्मा होतो. हलक्या पिस्तुलाची नळी अधिक उसळते, नेम पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो, आणि वेगाच्या स्पर्धेत तेवढ्यात डाव जातो. म्हणून अमेरिकेतले कारागीर ॲल्युमिनियमचे ठोकळे यंत्रावर कोरून पॉलिमरच्या पिस्तुलांना धातूचा देह देऊ लागले. सिग सावरच्या पी३२० मध्ये हे सोपं आहे : चापाची यंत्रणा एका छोट्या सुट्या पोलादी सांगाड्यात असते, अनुक्रमांकही त्यावरच. अमेरिकेतला कायदा त्या सांगाड्यालाच शस्त्र मानतो. भोवतीची मूठ खुशाल बदलावी. ग्लॉकमध्ये मात्र चौकट हेच कायद्याच्या लेखी शस्त्र, त्यामुळे ती बदलणं म्हणजे नवं शस्त्रच घेणं.

धातूची मूठ केवळ जड नसते. घट्ट धरली तरी ती दबत नाही; तिच्यावरच्या बारीक चौकटींच्या खाचा घामेजल्या हातालाही धरून ठेवतात. पितळी तांब्या उचलताना हाताला जो भरवसा वाटतो, तो इथेही आहे. कारखान्याचा साचा हजारो हातांसाठी एकच असतो. मूठ बदलणारा आपल्या एका हातासाठी आकार शोधतो. हा शोध मला हौसेपेक्षा मोठा वाटतो.

आता मूळ कंपन्यांनीही तळहाताचं ऐकलं आहे. वॉल्थरने आपल्या क्यू५ मॅच पिस्तुलाला पोलादी चौकट दिली, आणि त्याचं वजन पुन्हा अकराशे ग्रॅमच्या पुढे गेलं. याला कुणी माघार म्हणेल. मी म्हणणार नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला हलकेपणा हवाच. पण जीव घेऊ शकणारी वस्तू हातात आहे, याचा हाताला क्षणभरही विसर पडू नये. तळहाताची वजनाची मागणी मला म्हणूनच रास्त वाटते.