शास्त्रदान आणि मुंबईचे एक साप्ताहिक

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतात. आहारदानाचे आणि औषधदानाचे फळ दात्याला डोळ्यांनी दिसते. शास्त्रदानाचे तसे नाही. ग्रंथ कोणी वाचला, वाचून त्याचे काय झाले, हे दात्याला क्वचितच कळते. त्यातही वाचणारा उद्या दात्याच्याच व्यवहाराची चिकित्सा करू लागला तर? अशा ज्ञानाला आपण दान द्यावे काय? हा प्रश्न मला अनेक वर्षे सतावत आला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मुंबईतल्याच एका साप्ताहिकाची कथा मला फार मोलाची वाटते.

ते साप्ताहिक म्हणजे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. त्याचा मूळ अवतार ‘इकॉनॉमिक वीकली’ या नावाने जानेवारी १९४९ मध्ये मुंबईत सुरू झाला. संपादक होते सचिन चौधुरी. मागे आर्थिक आधार होता तो सेक्सरिया या मुंबईतील व्यापारी-उद्योजक घराण्याचा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. नियोजन, अन्नधान्य, परकीय चलन, जमीनसुधारणा अशा प्रत्येक विषयावर तज्ज्ञांत मतांतरे होती. चौधुरींनी या सर्व मतांना एकाच अंकात शेजारी बसवले. समाजशास्त्रज्ञांनी गावोगावी जाऊन केलेले अभ्यास तेथे छापले जात, आणि तरुण अमर्त्य सेन यांनी शेतीच्या आकारमानाविषयी १९६२ मध्ये मांडलेला प्रश्नही तेथेच चर्चेला आला. लहान शेतात एकरी उत्पन्न अधिक का दिसते, हा तो प्रश्न. त्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

१९६५ च्या अखेरीस तो जुना आधार सुटला आणि ‘इकॉनॉमिक वीकली’ बंद झाले. एरवी अशी नियतकालिके येथेच इतिहासजमा होतात. परंतु हितचिंतक आणि वाचक यांनी मदतीचा हात पुढे केला, ‘समीक्षा ट्रस्ट’ हा सार्वजनिक विश्वस्त निधी स्थापन झाला, आणि ऑगस्ट १९६६ मध्ये साप्ताहिक नव्या नावाने पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चौधुरींचे निधन झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर पेढीचा संस्थापक गेला, पण पेढी एका घराची राहिली नव्हती म्हणून ती टिकली.

त्यानंतर संपादकपद सांभाळणारे आर. के. हजारी हे उद्योगसमूहांच्या हाती एकवटलेल्या आर्थिक सत्तेचे अभ्यासक होते. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले. १९६९ पासून २००४ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, कृष्ण राज यांनी हे साप्ताहिक चालवले. स्वतःचे नाव फारसे पुढे न आणता त्यांनी देशभरातील नवख्या संशोधकांना लिहिते केले.

आपल्या महाराष्ट्राचा या कथेतील वाटाही मोठा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये याच पृष्ठांवर प्रसिद्ध झाला. दररोज २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च करण्याची ऐपत कोणाला आहे, ही त्यांची कसोटी होती. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यासाठी ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागत. एवढाही खर्च न करू शकणारी सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी जनता होती. गरिबीचा असा हिशेब मांडला गेला की केवळ भावनेने बोलणे कठीण होते.

मी बँकेत असताना कार्यालयाच्या ग्रंथालयात हा अंक येत असे. त्याचा कल डावीकडे होता, हे लपवण्याचे कारण नाही. सावकारी, धान्यव्यापार, साठेबाजी यांवरील लेख वाचताना आमच्यासारख्या व्यापारी घरांतून आलेल्यांच्या मनाला बोचत असे. काही लेखांत व्यापाऱ्याची जोखीम आणि उधारीचा भार जमेस धरलेला नसे, असे माझे तेव्हाही मत होते व आजही आहे. पण वाचल्याशिवाय हे मत बनलेच नसते. सेठला आवडेल तेच लिहिणारा मुनीम पेढी बुडवतो. नावेची बाजू निर्भीडपणे दाखवणारा तिला तारतो. वहीला जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. अनेकांताची शिकवण आपल्या व्यवहारात इतकी जवळ आहे.

या कामाचा एक धागा आपल्या उपनगरांतही आला आहे. १९९३ मध्ये या साप्ताहिकाशी संलग्न संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. रिझर्व्ह बँकेत काम केलेले एस. एल. शेट्टी यांनी त्याची धुरा वाहिली. कांदिवलीच्या आकुर्ली औद्योगिक वसाहतीतून राष्ट्रीय उत्पन्न, बँकिंग, वित्त यांची आकडेवारी संकलित करून अभ्यासकांना पुरवण्याचे काम झाले. कारखान्यांच्या गाळ्यांत देशाचा जमाखर्च लिहिला जात होता, ही गोष्ट बोरिवली-कांदिवलीकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल!

हा प्रवास निष्कंटक नव्हता. २०१७ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कायदेशीर नोटिशीनंतर ट्रस्टने एक लेख मागे घेतला आणि संपादकांनी राजीनामा दिला. स्वतंत्र प्रकाशन हे नुसत्या निष्ठेवर चालत नाही. न्यायालयाचा खर्च पेलेल इतके बळही गाठी लागते. ते बळ वर्गणीदारांकडून आणि विनाअट दान देणाऱ्यांकडूनच येऊ शकते.

आपल्या समाजाला हे नवीन नाही. पं. नाथूराम प्रेमी यांनी १९१२ मध्ये मुंबईत ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली, तेव्हा पहिले पुस्तक निवडले ‘स्वाधीनता’. जॉन स्टुअर्ट मिलच्या ग्रंथाचा तो महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेला अनुवाद. विषय, विरोधी मताला बोलू देण्याचा. एका श्रद्धावान जैन पंडिताने आपल्या व्यवसायाचा मुहूर्त त्या पुस्तकाने केला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

म्हणून माझे एवढेच सुचवणे आहे. चातुर्मासात आपण ग्रंथ छापण्यासाठी उदार हस्ते देतो. त्यातील थोडा भाग वेगळ्या विचाराच्या अभ्यासपूर्ण नियतकालिकांच्या वर्गणीसाठी, आपल्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या वा वाचनालयाच्या नावे द्यावा. देताना कोणते मत छापावे याची अट घालू नये. आपल्याशी सहमत असणाऱ्याला दिलेली रक्कम बहुधा जाहिरातखर्चात मोडते. असहमताला दिलेलीच शास्त्रदानाच्या खात्यावर जमा होते.