संवाद सहायक आणि कामाची वाटणी

नांदेड-लातूर भागात संस्थांमधली कामं वाटून देता देता माझं एक मत पक्कं झालं. माणूस कशात तरबेज आहे, हे त्याच्या अर्जावरून कळत नाही; कुणी न सांगता तो आधीपासून काय करतो, ते पाहावं लागतं. याचा सर्वांत ठोस पुरावा किल्लारीच्या भूकंपानंतर मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास ८ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरच्या माळवदाचं ओझं, यांनीच बहुतेकांचा जीव घेतला. जमीनदोस्त झालेली गावं सरकारनं नव्या जागी वसवली. तडे गेलेली घरं मात्र मालकांनीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. मदत हप्त्यानं, देखरेख अभियंत्याची. भिंतीत आरपार दगड कुठे बसवायचा हे अभियंत्याला माहीत होतं. पण मदत कशी मिळते आणि जुनी भिंत का मजबूत करून घ्यायची, हे दारोदार पटवणार कोण?

प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं हे काम गावोगावच्या महिला मंडळांकडे सोपवलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कुणाच्या घरात काय अडलंय, कोण कुणाचं ऐकतं, हे त्यांना ठाऊक होतं. (भरतीच्या कुठल्या जाहिरातीत ही पात्रता लिहिलेली असते?) आधीपासून असलेल्या कौशल्याला त्यांच्या भूमिकेनं नाव आणि अधिकार दिला.

यावर पहिला आक्षेप असा, की मग माणूस एकाच साच्यात अडकतो. बोलकी बाई आयुष्यभर बोलतच राहणार. तसं झालं नाही. या बायका बांधकामावर नजर ठेवायला शिकल्या, आणि २००१ च्या कच्छ भूकंपानंतर तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. अंगचा गुण ही सुरुवातीची जागा होती, पुढची वाट त्यांनी स्वतः काढली. दुसरा आक्षेप कार्यालयांतला: पदं ठरलेली, हवं ते काम वाटायला मुभा कुठे? पद तेच ठेवूनही टेबलावरची कामं अदलाबदल करता येतात. बहुतेक ठिकाणी अडसर नियमाचा नसतो, साहेबाच्या सवयीचा असतो.

तिसरा आक्षेप मला खरोखर जड वाटतो. ‘हे तुम्हाला उपजतच जमतं’ असं म्हणत बायकांचं काम स्वस्तात करून घेण्याची आपली जुनी खोड आहे. आशा सेविका गावाचं आरोग्य सांभाळते, पण तिला पगार नाही, मानधन मिळतं. गुण ओळखणं आणि त्याचा मोबदला बुडवणं एकाच वाक्यात घडू शकतं. म्हणून कामं वाटणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: ज्याचा गुण हेराल, त्याला त्या कामाचा अधिकार आणि पैसाही द्या; देणार नसाल, तर त्याच्या गुणांचं कौतुक करू नका.