तहनाम्यातील पुत्र

मराठी ऐतिहासिक नाटके आणि कादंबऱ्या यांच्या अभ्यासात माझे बरेचसे आयुष्य गेले, आणि त्यात ज्या एका प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही तो असा की, शिवाजीमहाराज आणि संभाजीराजे या पितापुत्रांमधील दुराव्याचे मूळ शोधण्याची वेळ आली म्हणजे आपले लेखक, एरवी कितीही धीट असोत, अंतःपुराकडेच का वळतात. सोयराबाईंचा पुत्रमोह, अण्णाजी दत्तोंचा रोष, कारभाऱ्यांच्या मसलती एवढी सामग्री जमली की पिता निर्दोष राहतो, पुत्रही पुष्कळसा निर्दोष ठरतो, आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो. कारस्थाने झालीच नाहीत असे मला म्हणावयाचे नाही. महाराजांच्या पश्चात दहा वर्षांच्या राजारामास रायगडी गादीवर बसविण्याचा उद्योग झाला, हे इतिहाससिद्ध आहे. परंतु कारस्थान हे भेगेत शिरणारे पाणी होय. भेग कोणी पाडली, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते ती कर्तव्याने पाडली, आणि तिचा काळही सांगता येतो. 1665 च्या जून महिन्यात पुरंदराखाली मिर्झाराजे जयसिंगाशी जो तह झाला, त्यातील तेवीस किल्ले आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. पण त्याच तहातले दुसरे कलम असे होते की महाराजांनी स्वतः बादशाही चाकरीत हजर राहू नये, तर पाच हजारांची मनसब संभाजीराजांच्या नावे व्हावी. पुत्राचे वय त्या वेळी आठ. जी चाकरी पित्याच्या मानी स्वभावाला सोसणारी नव्हती ती पुत्राच्या नावावर चढली, आणि तो बालक मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस म्हणून जाऊन राहिला. पुढच्याच वर्षी आग्र्याची कैद. तेथून निसटताना पुत्राला मथुरेस एका ब्राह्मण कुटुंबाच्या हवाली करावे लागले, आणि शत्रूचा पाठलाग ढिला पडावा म्हणून तो वारल्याची आवई उठविण्यात आली. राजनीती म्हणून हे सारे बिनतोड आहे. मात्र सईबाई वारल्या तेव्हा ज्याचे वय जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते, त्या मुलाच्या बाजूने हा हिशेब कोणी मांडला आहे काय? विलक्षण गोष्ट अशी की महाराजांनी स्वतः विशीच्या उंबरठ्यावर, शहाजीराजांच्या सुटकेसाठी कोंढाणा सोडला होता. पित्यासाठी किल्ला सोडणारा पुत्र पुढे किल्ल्यांच्या तहात पुत्र ओलीस देणारा पिता झाला, या एका वाक्यात एखाद्या मोठ्या कादंबरीचा ऐवज आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे 1678 च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले, या घटनेचा रंगच पालटतो. बखरकारांनी तिला दुर्वर्तन म्हटले. नव्या लेखकांनी कधी भोळेपणा म्हटले, कधी बापलेकांनी संगनमताने रचलेला डाव म्हटले, आणि हा डावाचा तर्क मला सर्वांत दुबळा वाटतो, कारण त्यात दोघांनाही काही वाटल्याचे मान्य करण्याची जरूरच उरत नाही. वस्तुतः मोगली मनसबदारीचा रस्ता पुत्राला प्रथम पित्याच्या तहनाम्यानेच दाखविला होता. आणि दिलेरखान म्हणजे तरी कोण? ज्या पुरंदरावर संभाजीराजे जन्मले त्याला 1665 साली वेढा घालणारा सरदार तोच. मग भूपाळगड पडला, गडावरील माणसांचे हात तोडले गेले, आणि पुत्राला आपल्या रोषाची किंमत परक्यांच्या रक्तात मोजावी लागली.

मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचे वजन आपल्या साहित्यावर फार काळ राहिले. ती लिहिली गेली घटनांनंतर शतकाहून अधिक काळाने, आणि लिहिणारा त्या बाळाजी आवजींचा वंशज, ज्यांना संभाजीराजांनीच देहान्त शासन केले होते! गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ याच विलासी संभाजीच्या प्रतिमेवर उभे आहे. तरी त्यांच्या प्रतिभेने एक गोष्ट ओळखली, ती ही की निवर्तलेला पिता जिवंत पित्याहून कठोर न्यायाधीश असतो. वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र 1960 साली आले आणि दफ्तरातला संभाजी प्रथमच बखरीतल्या संभाजीहून वेगळा दिसू लागला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1962 साली, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले. डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीने प्रेक्षागृहे भारून टाकली, हे ज्यांनी पाहिले ते अद्याप सांगतात. परंतु नाटकाचे खरे धाडस मास्टर दत्तारामांच्या वाट्याला आलेल्या शिवाजीत होते. सिंहासनाधीश्वर प्रथमच घरातला थकलेला कर्ता पुरुष झाला, ज्याला राज्यातल्या प्रत्येक गडाची खडान्‌खडा माहिती आहे, आणि स्वतःच्या मुलाशी बोलावे कसे एवढे मात्र उमगत नाही. (कानेटकर स्वतः कवी गिरीशांचे, म्हणजे एका नामवंत पित्याचे, चिरंजीव, पण चरित्रावरून कलाकृती उलगडण्याची खोड मला आवडत नाही, म्हणून इतकेच.) तथापि कानेटकरांनाही सोयराबाईंवाचून नाट्य उभारता आले नाही. पुढे शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने 1979 मध्ये पुत्राला गौरव दिला, आणि गौरव दिल्यावर तक्रारीला जागा उरली नाही.

खरे नाट्य सभासदाने आधीच नोंदवून ठेवले आहे. संभाजीराजे परतल्यावर पन्हाळ्यावर भेट झाली, तेव्हा महाराजांनी राज्याचे दोन भाग करण्याची गोष्ट काढली: तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंत एक, तुंगभद्रेच्या अलीकडे दुसरे. पुत्राचे उत्तर, सभासद सांगतो त्याप्रमाणे, एवढेच की आपण दूधभात खाऊन साहेबांच्या पायांचे चिंतन करीत राहू. दुखावलेल्या पुत्रापुढे पिता मुलुखाची वाटणी मांडतो, आणि एकविशी ओलांडलेला युवराज तान्ह्या लेकराच्या आहाराची भाषा बोलतो. ही निष्ठा आहे, की मागणीला दिलेला नम्र नकार, की ज्या पोरपणाचा काळ छावण्यांत गेला त्याची उशिराची वसुली? हे लिहिले गेले राजारामाच्या आज्ञेवरून, हेही विसरता येत नाही. एवढा एक संवाद समोर असता आमच्या लेखकांनी पडद्याआडच्या कारभाऱ्यांना मुख्य पात्रे का करावीत, हे मला खरोखर समजत नाही.