महिन्याची मिळकत

आमच्या लिहिण्याच्या टेबलाच्या डाव्या खणांत गेलीं तीस वर्षें पगारपत्रकें पडत आलीं आहेत. तीं आम्हीं जपून ठेवलीं असें म्हणवत नाहीं. टाकून दिलीं नाहींत, इतकेंच. पगार चार दिवस लांबला तर प्राध्यापकांच्या खोलींत थोडी कुरकुर होते आणि पांचव्या दिवशीं सर्व विसरलें जातें. अशा चिटोऱ्यांवरून एखाद्या पतिपत्नींनीं एका छपराखालीं राहावें कीं नाहीं हें ठरतें, असें कोणीं सांगितलें असतें तर आम्हीं त्यास हंसलों असतों.

२०२२ सालच्या अखेरीस आमच्या कन्येचा विवाह येथें चंद्रपुरांत झाला. जांवई घरांत मराठी बोलणारे, पण जन्मानें व नागरिकत्वानें ब्रिटिश. पत्नी या नात्यानें कन्येस प्रथम तेहतीस महिन्यांचा व्हिसा मिळाला. तो संपण्यापूर्वीं तीस महिन्यांची वाढ मागावयाची, असा तिकडील क्रम. लग्न खरें आहे हें दाखविण्यास फोटो, पत्रें, घरभाड्याचा करार चालतो. परंतु लग्न खरें असून भागत नाहीं. तें परवडतें हेंही दाखवावें लागतें. जुलै २०१२ पासून ब्रिटिश सरकारनें यासाठीं वर्षास १८,६०० पौंड मिळकतीची अट घातली. असें कुटुंब सरकारी मदतीवर विसंबूं नये, हा तिचा सांगितलेला हेतु. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठीं हा आंकडा २९,००० झाला. त्यापूर्वीं आलेल्यांस, जोडीदार तोच असेल तर, जुना आंकडा लागू राहिला. आमची कन्या जुन्यांत बसली, व आम्ही निर्धास्त झालों.

२०२५ च्या श्रावणांत एके रात्रीं तिचा फोन आला. जांवयांची कंपनी बंद पडून ते दहा आठवडे घरीं बसले होते, व नवी नोकरी लागून नुकताच महिना झाला होता. हें सर्व तिनें आम्हांपासून लपविलें होतें. एकाच मालकाकडे सहा महिने भरले असतील तर सहा महिन्यांचीं पगारपत्रकें व बँकेचे उतारे दिले कीं काम भागतें. तितके भरले नसतील तर सध्यांचा पगारही पुरेसा हवा, आणि मागील बारा महिन्यांची प्रत्यक्ष कमाईही तितकी भरली पाहिजे. पगारपत्रक, बँकेंत जमा झालेली रक्कम व मालकाचें पत्र यांचा मेळ बसला पाहिजे तो निराळाच. इंग्रजी शिकविण्यावर आमचा संसार झाला. पण हे नियम आम्हांस दोनदां वाचावे लागले.

"मी फंडांतून पैसे पाठवितों," आम्ही म्हणालों.

"बाबा, ते सहा महिने आमच्या खात्यांत असायला हवेत. आणि पहिले सोळा हजार पौंड धरतच नाहींत."

आम्हीं कागदावर हिशेब केला. मिळकत मुळींच नसेल तर जुन्या आंकड्यासही ६२,५०० पौंडांची शिल्लक लागते, म्हणजे सत्तर लक्ष रुपयांच्या आसपास. मग आम्हीं विचारलें, बापानें लेकीचा भार उचलण्याचें लिहून दिलें तर? त्याचेंही उत्तर तिला पाठ होतें. अशा वचनास एरव्हीं किंमत नाहीं. फेब्रुवारी २०१७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही अट कायदेशीर ठरविली. मात्र मुलांच्या हिताचा व इतर आधारांचा नियमांत पुरेसा विचार नाहीं, असेंही सांगितलें. तेव्हांपासून अपवादात्मक प्रसंगीं दुसऱ्यानें दिलेला भरवशाचा आधार पाहिला जातो. आमचा प्रसंग अपवादात्मक नव्हता. नोकरी जाणें यांत अपवाद तो कसला?

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. तीस वर्षांच्या नोकरींत ज्याच्या सहीवर मुलांचे दाखले निघाले, त्याचा शब्द स्वतःच्या मुलीच्या कामीं येऊं नये, याचें दुःख आम्हांस झालें. खोटें कशास बोला, दुःखापेक्षां रागच अधिक आला.

दुसऱ्याच दिवशीं कॉलेजांत एटापल्लीकडील एक विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन उभा होता. आदिवासी विद्यार्थ्यांच्या या शिष्यवृत्तीस कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लक्षांच्या आंत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो. त्याचा दाखला जुना होता. आम्हीं नेहमींच्या संवयीनें विचारलें, "वडिलांची महिन्याची मिळकत किती?"

"महिन्याचं कसं सांगू, सर? मोहफुलं उन्हाळ्यात येतात. तेंदू मे महिन्यात, तोही थोडेच दिवस. धान दिवाळीच्या सुमारास. बाकी महिन्यात काही येतच नाही."

हें उत्तर आम्हीं पूर्वीं शेंकडों वेळां ऐकलें असलें पाहिजे. त्या दिवशीं प्रथम तें कानांत शिरलें. जंगलांत मिळकतीस ऋतु असतात, महिने नसतात. तलाठी चौकशी करून कांहीं एक आंकडा लिहितो, आणि तो कागद आमच्यापुढें आला कीं आम्ही त्यास सत्य म्हणतों. कागद नसला तर मुलास परत धाडतों. भामरागडकडच्या एका मुलास आम्हीं असेंच मुदत संपल्याचें सांगून धाडलें होतें. तो पुन्हा आला नाहीं. त्याचें नांव आज आम्हांस आठवत नाहीं.

आणि याच मुलुखांत पुराव्याची दुसरी तऱ्हाही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं जे नियम झाले, त्यांत इतर कागदांबरोबर गांवांतील वडीलधाऱ्यांचें लिहून घेतलेलें निवेदनही पुरावा म्हणून धरलें जातें. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. म्हाताऱ्यांच्या आठवणीस तेथें मोल आहे. विलायतेंतल्या त्या अधिकाऱ्यास हें सांगून उपयोग नव्हता, हें आम्हांसही कळतें. पण आमच्या स्वतःच्या खुर्चीवर बसून तरी तें आठवावयास हरकत नव्हती.

त्या मुलास आम्ही म्हणालों, जा आणि नवा दाखला घेऊन ये, अर्ज मी ठेवून घेतों. जाण्यास एक दिवस, तहसिलींत दोन, येण्यास एक. पांचव्या दिवशीं सकाळीं तो दारांत उभा होता. चप्पल चिखलानें भरलेली, दाखला प्लॅस्टिकच्या पिशवींत कोरडा.

इकडे कन्या एका वृद्धाश्रमांत काम करीत होती. मुदतवाढीच्या वेळीं तेथील पत्नीची कमाईही जमेस धरतात. तिच्या आई तिला ती नोकरी सोड म्हणून दोन वर्षें सांगत होत्या, एम. ए. झालेल्या मुलीनें हें काय करावें म्हणून. आणि त्याच पगारानें बारा महिन्यांची बेरीज आंकड्याच्या पलीकडे गेली. कार्तिकांत मंजुरीचें पत्र आलें. पुढील अर्जाच्या वेळींही मिळकत दाखवावी लागणार, म्हणून ती आतां दरमहा पगारपत्रक फाइलींत लावते.

तें ऐकून आमच्या घरच्या मंडळींनीं एका रविवारीं आमचा डावा खण जमिनीवर उपडा केला व सर्व पगारपत्रकें महिन्यांच्या क्रमानें लाविलीं. तीस वर्षांतील तीन महिन्यांचीं सांपडलीं नाहींत. तीं कोठें गेलीं, हें त्या अजून विचारीत असतात.