चार चाकांचा जोर आणि भाताचा बांध

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला जीप नवी नाही. त्र्यंबक, घोटी, हरसूल, पेठ या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून प्रवास केला नाही, असा शिक्षक किंवा अशी नर्सबाई आमच्याकडे क्वचितच सापडेल. शिवाय आमच्या सातपूरच्या कारखान्यातूनच २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि २०२० पासून नवी थारही इथेच तयार होते. कित्येक घरांतला भाऊ, दीर किंवा जावई त्या कारखान्याशी किंवा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपशी बांधलेला असतो.

या कंपनीच्या नावामागेही एक इतिहास आहे. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुले क्षणभर गप्प होतात. फाळणी त्यांना नकाशावरच्या रेघेपेक्षा अशा एखाद्या पाटीवरून लवकर कळते.

पूर्वी जीप लागायची ती कामासाठी. आता चारही चाकांना जोर देणारी गाडी हौसेने घेतली जाते. पावसाळ्यात रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला अशा गाड्यांची रांगच लागते. माझ्या बहिणीच्या मुलानेही मागच्या वर्षी वापरलेली फोर-बाय-फोर घेतली आणि जुलैत म्हणाला, “खाला, चला, वैतरणेला जाऊन येऊ.” जाण्याआधी बहिणीने एक अट घातली, द्वारकेजवळच्या गॅरेजमधल्या उस्तादांना गाडी दाखवायची.

उस्तादांनी गाडीपेक्षा भाच्याचीच परीक्षा जास्त घेतली. पहिला प्रश्न, “फोर-बाय-फोर कधी लावायचं?” भाचा म्हणाला, “पाऊस असला की.” उस्तादांनी मान हलवली. अशा बहुतेक गाड्यांत चार चाकांचा गिअर लावला की पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना जखडले जातात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा खडीवर चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा ताण गिअरच्या दात्यांवर येतो आणि गाडी वळायलाही अडते. म्हणून डांबरावर दोनच चाके, कच्च्या रस्त्यावर ‘फोर-हाय’ आणि खडा चढ, उतार किंवा खोल चिखल असेल तर ‘फोर-लो’.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट प्रत्येक आईने आपल्या मुलाला ऐकवावी अशी आहे. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी पुढे चांगली जाते, पण ती थांबते इतर गाड्यांसारखीच. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. ओल्या घाटात हा फरक न समजलेली मुलेच वेग वाढवतात.

शहर सोडले की पाऊस किती झपाट्याने बदलतो ते नाशिककरांना माहीत आहे. नाशिक शहरात वर्षाला हजार मिलिमीटरही पडत नाही आणि त्याच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजारांहून जास्त. त्र्यंबकहून घोटीकडे निघालो, पहिने मागे पडले तसे डोंगर दिसेनासे झाले. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, डोक्यावर इरले घेऊन आवणी करणाऱ्या बाया आणि कड्यांवरून उतरणारे पांढरे धबधबे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला. तिचेच धरणात अडवलेले पाणी मुंबईकर पितात.

धरणाच्या अलीकडे कच्च्या वाटेला लागताना भाच्याने टायरची हवा बत्तीसवरून बावीसपर्यंत उतरवली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि चिखलात पकड वाढते. परत डांबरावर येण्याआधी ती भरायचीच, म्हणून पंप सोबत हवा. कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापून फुटतो. नेमका आकडा गाडी, टायर आणि वजन यांवर ठरतो, रस्त्यावरचा आकडा दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

पुढे एक ओढा लागला. कंपनीच्या माहितीपत्रकात नव्या थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे, पण ती शांत पाण्याची समजावी. वाहते पाणी याहून कमी खोलीलाही गाडी लोटून नेते. भाचा काठी घेऊन उतरला, तळाचे दगड चाचपले, पाणी गुडघ्याच्या खाली होते आणि ओढही नव्हती. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता, सावकाश पलीकडे. उस्तादांची ताकीद होती, “पानी में गाडी बंद पडी, तो चावी को हाथ नहीं लगाना.” हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेले असताना स्टार्टर मारला तर आतला दांडा वाकतो आणि इंजिनाचे पूर्ण काम निघते. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवले.

चढावरचे नियमही मुलांना पाठ करून घेतले. चढ सरळ चढायचा, आडवा नाही. मध्येच गाडी थांबली तर वळवायची नाही, रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे उतरायची. उतारावर न्यूट्रल कधीच नाही, इंजिनाने गाडी रोखून धरली पाहिजे. अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, दगडाने चाक फिरले की मोडतात. सगळ्यांचे पट्टे लावलेले, मूल कोणाच्या मांडीवर नाही, टपावर जड सामान नाही. रुतलेली गाडी ओढताना दोर कंपनीने दिलेल्या हुकालाच बांधायचा आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करायचे. तुटलेला दोर माणसाचा जीव घेऊ शकतो.

जुहरची नमाज जलाशयाच्या काठी कातळावर अदा केली. पुढची वाट दोन खाचरांमधून जात होती, ती रुंद दिसत होती म्हणून भाच्याने गिअर टाकला. तेवढ्यात आवणी सोडून एक आजी वर आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, “गाडी जाईल बाबा. पन बांध फुटला तं पानी निघून जाईल. मंग रोप काय वाळवायचं?” आदल्या रविवारी सहा-सात गाड्या तिथून गेल्या होत्या. त्यांनी बोटाने दाखवलेल्या जागी मातीचा बांध चाकांनी कापला गेला होता. खाचरे पायऱ्यांसारखी असतात. वरच्याचे पाणी खालच्याला जाते, त्यामुळे एक बांध फुटला की त्याची किंमत ओळीतली सगळी खाचरे मोजतात. तो बांध त्यांनी आणि सुनेने दोन दिवस खपून पुन्हा लिंपला होता. ज्या मुलांनी तो फोडला त्यांच्याकडे घेण्यासारखे व्हिडिओ नक्कीच झाले असतील.

भाच्याने काही न बोलता गाडी मागे घेतली. गाडी जाऊ शकते म्हणून ती न्यावीच असे नाही, हे त्याला माझ्या दहा उपदेशांपेक्षा त्या आजींच्या एका वाक्याने पटले.

जे शेताचे तेच डोंगराचे. येताना लागलेल्या अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात सापडते, तिला शास्त्रीय नावच अंजनेरीवरून दिले आहे. सड्यावरची ही रोपे बोटभर मातीत, पावसाळ्याच्या काही आठवड्यांत उगवून फुलून जातात. चाकाखाली ती माती दबली की पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. याच कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. अंजनेरी आणि २००८ मध्ये जाहीर झालेले बोरगड ही दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. राखीव वनात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणे हा १९२७ आणि १९७२ च्या कायद्यांखाली गुन्हा ठरतो. ज्यांना चिखलातच गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी इगतपुरीजवळ कंपनीने प्रशिक्षणाचे मैदान उभारले. शिकायला तशी जागा बरी, तिथे कोणाचे पीक नसते.

परतल्यावरचे काम भाच्याने दुसऱ्याच दिवशी केले. गाडी खालून धुतली, चाकांचे नट आवळले, एअर फिल्टर उघडून पाहिला, जॉइंटना ग्रीस दिले, रबरी बूट फाटले नाहीत ना ते तपासले. पाण्यातून गेलेल्या गाडीचे धुऱ्यातले ऑइल जरूर पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदलावे.

तुमच्या घरातला कोणी असा निघाला तर अडवू नका. फक्त चार गोष्टी विचारा. सोबत दुसरी गाडी आहे का? कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार? वाट कोणाच्या शेतातून जाते, हे गावात विचारणार का? आणि घरी आल्यावर गाडी स्वतः धुणार का? चारही उत्तरे नीट मिळाली तर डबा बांधून द्या आणि दुआ देऊन निरोप द्या.